बर्फाची सवय नसलेल्या भागात कडाक्याची थंडी येणार असेल तर: आधी काय, नंतर काय

ज्या भागात पारा क्वचितच शून्याखाली जातो, तिथे चार बोटं बर्फसुद्धा जड जातो. पाण्याचे पाइप भिंतीच्या बाहेरून किंवा छतावरून उघडेच नेलेले असतात. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या नसतात, मोटारींना उन्हाळी टायर असतात आणि निसरड्यावर चालायची पायांना सवय नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये अशी लाट आली, तेव्हा ४० लाखांहून जास्त घरांची वीज गेली. राज्याने अधिकृतपणे २४६ मृत्यू मोजले आणि त्यातले निम्म्याहून जास्त थेट थंडीने झालेले होते. त्याच वर्षी जानेवारीत माद्रिद शहर गुडघाभर बर्फाखाली गेलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्ससारख्या दमट, उष्ण शहरात सुमारे २० सेंटिमीटर बर्फ पडला.

या कामात क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक तयारी पारा शून्यावर यायच्या आधी, कोरड्या हवेत आणि वीज चालू असताना उरकायची असते. एकदा गोठायला लागलं की हातात थोडंच उरतं. खालची मांडणी त्याच क्रमाने आहे. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

१. इशारा नीट वाचा: बर्फ पडणार की पाऊस गोठणार?

हवामान खात्याच्या इशाऱ्यात तीन गोष्टी शोधा: रात्रीचं किमान तापमान, पारा सलग किती तास शून्याखाली राहणार, आणि वरून नक्की काय पडणार.

भुसभुशीत बर्फ त्यातल्या त्यात सुसह्य. तो दिसतो, झाडता येतो, त्यावर पाय थोडा तरी रुततो. खरा घातक प्रकार म्हणजे गोठणारा पाऊस. वरच्या हवेत एक उबदार थर असतो, त्यातून जाताना बर्फाचं पाणी होतं. जमिनीलगतच्या पातळ थंड थरात ते थेंब शून्याखाली जातात, पण गोठायला वेळ मिळत नाही म्हणून पाणीच राहतात आणि रस्ता, तार, फांदी, पायरी, जे लागेल त्याला टेकताच काचेसारखे गोठतात. पाच-सहा मिलिमीटरचा असा थर फांद्या मोडायला पुरतो. थर सेंटिमीटरच्या पुढे गेला की विजेच्या तारा तुटू लागतात. इशाऱ्यात हा प्रकार असेल तर वीज एक-दोन दिवस जाणारच असं धरून तयारी करा.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. हवा उणे १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. पाइपाला मात्र हा हिशेब लागू नाही. वाऱ्याने तो लवकर थंड होईल, पण हवेच्या तापमानाखाली जाणार नाही.

२. पाण्याची व्यवस्था (यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या)

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप सहसा बर्फ जमतो त्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो तसा तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. तो दाब कमकुवत सांध्यावर निघतो, आणि तो सांधा कधीकधी बर्फापासून बराच लांब असतो. नळ किंचित उघडा ठेवायचा सल्ला देतात तो यासाठी. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो हे खरं, पण मोठा फायदा म्हणजे दाबाला वाट मिळते. उघड्यावरच्या, आवरण नसलेल्या पाइपांना उणे ६-७ अंशांच्या आसपास धोका सुरू होतो. वारा थेट लागत असेल तर त्याआधीही.

पहिलं काम: मेन कॉक शोधा आणि फिरवून बघा. तो मीटरजवळ, तळमजल्यावर किंवा टाकीच्या खाली असतो. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक गंजून बसतो आणि घरात पाणी भरत असताना पाना शोधायची वेळ येते. आजच फिरतो का पाहा, घट्ट असेल तर प्लंबरला आजच बोलवा. घरातल्या प्रत्येकाला तो कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरतो ते प्रत्यक्ष दाखवा.

मग बाहेरची बाजू घ्या. बागेच्या नळाला लावलेली रबरी नळी काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर नळाच्या पोटात पाणी कोंडून राहतं आणि नळ आतून फुटतो. बाहेरच्या नळांना वेगळा कॉक असेल तर तो बंद करून नळ उघडे ठेवा, म्हणजे उरलेलं पाणी निघून जाईल. छतावरचे, गॅरेजमधले आणि बाहेरच्या भिंतीवरचे पाइप फोमच्या नळकांडीने झाका. ती मिळाली नाही तर जुने टॉवेल किंवा वर्तमानपत्राच्या जाड घड्या गुंडाळा, वरून प्लास्टिक ओढा आणि दोरीने बांधा. आतलं आवरण कोरडं राहिलं पाहिजे, ओलं झालं तर त्याचा उपयोग संपतो. इथे एक गैरसमज नेहमी होतो. आवरण पाइपाला ऊब देत नाही, ते फक्त आतली ऊब बाहेर जायला उशीर लावतं. एका रात्रीच्या थंडीला ते पुरतं. दोन दिवस सलग पारा खाली असेल आणि पाणी साठून उभं असेल, तर आवरणाच्या आतही ते गोठतं.

छतावर सोलर हीटर असेल तर त्याच्या नळ्या रिकाम्या करा. भिंतीवरचा, टाकी नसलेला हीटर बाहेर बसवलेला असेल तर त्यातली गोठण्यापासून वाचवणारी यंत्रणा बहुधा विजेवर चालते. वीज गेली की तो उघडा पडतो. त्याचं पाणी काढायची पद्धत माहितीपुस्तिकेत असते, ती आधी वाचून ठेवा.

आता बादल्या, पातेली, पिंपं भरून घ्या. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोजचं ४ लिटर, किमान तीन दिवसांचं. संडासात ओतायला वेगळं.

थंडीच्या रात्री: बाहेरच्या भिंतीला लागून असलेले नळ पेन्सिलीतल्या शिशाएवढ्या बारीक धारेवर ठेवा. गरम आणि थंड, दोन्ही बाजूंचे, कारण गरम पाण्याचा पाइपही गोठतो. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब आत जाईल. तिथे ठेवलेली फिनेल, ॲसिडची बाटली लहान मुलांपासून दूर हलवा. सगळं गावच नळ सोडून बसलं तर पाण्याचा दाब पडतो. पाणीपुरवठा विभागाने नळ बंद ठेवा असं सांगितलं तर पुढच्या परिच्छेदातला उपाय करा.

वीज गेली आहे, घरातला पारा उतरतो आहे आणि दुरुस्तीची चिन्हं नाहीत, अशा वेळी सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पाइपच रिकामे करणं. आधी वॉटर हीटरची वीज किंवा गॅस बंद करा. टाकीत पाणी नसताना तो सुरू झाला तर त्याची कॉइल जळते. मग मेन कॉक बंद करा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडा आणि पाणी पूर्ण निघू द्या. फ्लश एकदा ओढा. पाइपात पाणीच नसेल तर फुटायला काही उरत नाही. इमारतीत आग विझवण्याचे स्प्रिंकलर असतील तर त्यांचा पाइप मात्र स्वतःहून बंद करू नका, तो निर्णय देखभाल करणाऱ्यांचा.

आणि पाइप गोठलाच तर? नळ उघडला आणि नुसतं फुसफुसलं, किंवा पाइपावर दहिवर धरलेलं दिसलं, की ओळखा. तो नळ उघडाच ठेवा. हेअर ड्रायर, किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, नळाच्या टोकापासून सुरू करून गोठलेल्या भागाकडे सरकत न्या. उलट दिशेने तापवलं तर वितळलेलं पाणी आणि वाफ दोन बोळ्यांच्या मध्ये कोंडते आणि पाइप तिथेच फुटतो. गॅसची शेगडी, मेणबत्ती, वेल्डिंगचा दिवा पाइपाला लावू नका. भिंतीच्या आत धुमसणारी आग बाहेरून दिसत नाही. पाइपाला चीर दिसली तर वितळवायच्या आधी मेन बंद करा.

३. एका खोलीत राहा

अख्खं घर उबदार ठेवायचा हट्ट सोडा. लहान, कमी खिडक्यांची, शक्यतो घराच्या मधली खोली निवडा आणि सगळ्यांनी तिथेच राहा. दाराच्या फटीत टॉवेल गुंडाळून लावा, खिडक्यांवर जाड पांघरूण टांगा. ऊन येत असेल त्या बाजूचे पडदे दिवसा उघडा, सूर्य मावळताच ओढून घ्या. गादीखाली पुठ्ठे, गालिचे, जे असेल ते घाला. झोपलेल्या माणसाची ऊब वरच्या हवेपेक्षा खालची थंड फरशी जास्त ओढते, आणि हे पहाटे अंग आखडल्यावर कळतं. छोटा तंबू असेल तर तो खोलीतच उभारा. नसेल तर टेबलावरून चादरी सोडून त्याखाली झोपा. दोन-तीन माणसांच्या अंगची ऊब एवढ्याशा जागेत टिकते.

विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डला कधीच नाही. १५०० ते २००० वॅटचा हीटर तासन्‌तास चालला की बोर्डाची बारीक वायर तापते, आणि पहिलं आवरण वितळतं ते गुंडाळून ठेवलेल्या भागातलं. हीटरच्या चहूबाजूंनी एक मीटर जागा मोकळी हवी: पडदा, पांघरूण, वाळत घातलेले मोजे, काहीच नको. झोपताना बंद करा. झोपण्यापूर्वी अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली तर हीटरची उणीव बरीचशी भासत नाही.

तान्ह्या बाळाला सुटी पांघरुणं घालू नका, ती तोंडावर येतात. अंगाला बसणाऱ्या कपड्यांचे थर चढवा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या बोलण्यावर भिस्त ठेवू नका. उतारवयात थंडीची जाणीव बोथट होते आणि माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत गारठत जातं. खोलीत तापमापक ठेवा. पारा १८ अंशांखाली राहत असेल आणि वाढवायचा मार्ग नसेल, तर रस्ते चालू असेपर्यंतच त्यांना वीज असलेल्या घरी किंवा निवारा केंद्रात हलवा.

४. कोळसा, जनरेटर, गॅस: थंडीपेक्षा लवकर जीव घेणारी गोष्ट

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कोळसा, लाकूड, पेट्रोल, डिझेल, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. थंडीच्या प्रत्येक लाटेत दारं-खिडक्या बंद करून आत शेगडी पेटवणारी कुटुंबं या वायूने दगावतात.

तेव्हा घरात कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवू नका, खिडकी किलकिली ठेवूनही नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त सुटतो तो निखाऱ्यांतूनच. गॅसची शेगडी आणि ओव्हन स्वयंपाकापुरते. खोली तापवायला ते जळत ठेवू नका. गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवून आत बसू नका, शटर उघडं असलं तरी.

जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर, धुराडं खिडक्या-दारांकडे पाठ करून ठेवायचा. बाल्कनी, जिना, पडवी, गॅरेज यांतलं काहीही चालत नाही. बर्फापासून वाचवायला वर छप्पर करा, पण बाजू उघड्या ठेवा. पेट्रोल भरायच्या आधी बंद करून थंड होऊ द्या. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घर चालू करायचा प्रयत्न करू नका. ती वीज उलटी तारांवर चढते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढतो आणि बाहेर तारा जोडणाऱ्या माणसाचा जीव जातो. उपकरणं जनरेटरलाच थेट जोडा.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर झोपायच्या खोलीजवळ लावा आणि बटण दाबून तपासा. लक्षणं अशी: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, ग्लानी. ताप नाही, पण घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी बरं वाटत नाही, आणि बाहेर गेलं की उतार पडतो. असं झालं तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, मग आपत्कालीन क्रमांकाला फोन करा, आणि तपासणी होईपर्यंत परत आत जाऊ नका.

५. वीज गेल्यावर

फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज सुमारे ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. वीज जायच्या आधीच फ्रीजरमध्ये एका वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. वीज आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर आतलं सगळं मधल्या काळात वितळून पुन्हा गोठलं आहे, ते टाकून द्या. अन्न बाहेर बर्फात ठेवायची कल्पना सुचते, पण ऊन आलं की भांडं तापतं आणि जनावरंही येतात. त्यापेक्षा बादलीत बाहेरचा बर्फ भरून तोच फ्रिजमध्ये ठेवा.

हीटर, गिझर, इस्त्री यांची बटणं बंद करून ठेवा आणि एक दिवा चालू ठेवा, म्हणजे वीज आल्याचं कळेल. सगळ्यांची जड उपकरणं एकाच क्षणी सुरू झाली की यंत्रणा पुन्हा बसते. फोन आधीच पूर्ण भरून घ्या आणि स्क्रीनचा उजेड कमी ठेवा. थंडीत बॅटरी एकदम खाली येते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवलात तर जास्त टिकतो.

६. अंगावर काय घालायचं

एक जाडजूड कोट घालण्यापेक्षा तीन थर चढवा: अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारं लोकरी किंवा सिंथेटिक, मधे ऊब धरणारी लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती कपडा अंगालगत नको. ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचत राहतो. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे जास्त उबदार. दोन-दोन मोजे चढवून घट्ट बुटात पाय कोंबला तर रक्तपुरवठा तुटतो आणि पाय आणखी गार पडतात. बूट सैल हवेत, आत बोटं हलवता आली पाहिजेत. मोजे ओले झाले की लगेच बदला.

७. पायी चालणं, मीठ आणि फावडं

बर्फाच्या काचेवर नेहमीच्या चालीने पाऊल टाकलं की टाच आधी टेकते आणि पाय पुढे सटकतो. पेंग्विनसारखं चाला: गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी आणि थोडी फाकवलेली, पूर्ण तळवा सपाट टेकवायचा आणि शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवायचा. हात खिशात घालू नका. दोन्ही हातांत पिशव्याही नकोत. जिन्यावर आणि गाडीतून उतरताना सगळ्यात जास्त माणसं पडतात. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, दाराला धरून मगच उभे राहा. मोठे बूट असतील तर बुटावरून जुने लोकरी मोजे चढवा, पकड बरीच सुधारते.

मीठ थर जमायच्या आधी टाकलं तर कमी लागतं, कारण ते बर्फाला जमिनीशी चिकटूच देत नाही. मोठा मगभर मीठ वीस-पंचवीस चौरस मीटरला पुरतं. ढीग टाकून काही वाढीव मिळत नाही. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली इतकं हळू काम करतं की नसल्यासारखंच, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. ते नसेल तर जाडसर वाळू टाका. वाळू बर्फ वितळवत नाही, पायाला पकड देते. पायऱ्यांवर उकळतं पाणी ओतू नका. दहा मिनिटांत त्याचा आणखी गुळगुळीत थर होतो.

बर्फ उपसण्याची घाई करू नका आणि चालढकलही करू नका. दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा काढला तर तो हलका असतो. सवय नसलेल्या भागात पडणारा बर्फ बहुधा ओला असतो: एक घनमीटर २०० ते ४०० किलोपर्यंत भरतो. उचलून फेकण्यापेक्षा ढकलत न्या. फावड्याला थोडं तेल किंवा मेण चोळलं की बर्फ चिकटत नाही. गार हवेत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात हा अचानक श्रम पडला की हृदयावर ताण येतो. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि एरवी अंगमेहनत न करणाऱ्या वयस्करांनी फावडं हातात घेऊ नये. बर्फ काढायला छतावर चढू नका. तुटून पडलेली तार मेलेली आहे असं समजू नका, दहा मीटर लांबून जा आणि वीज कंपनीला कळवा.

८. गाडी

आमचं मत स्पष्ट आहे: उन्हाळी टायर असतील आणि रस्त्यावर काचबर्फ, म्हणजे काचेसारखा गोठलेला थर असेल, तर गाडी काढूच नका. फोर व्हील ड्राइव्ह गाडी सुरू व्हायला मदत करते, थांबायला नाही. बर्फावर थांबण्याचं अंतर कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतं.

निघायचंच असेल तर बर्फ सुरू होण्याच्या आधी निघा, नाहीतर आहात तिथेच थांबा. २८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटात जेमतेम साडेसहा सेंटिमीटर बर्फ पडला. पण कार्यालयं आणि शाळा दुपारी एकाच वेळी सुटल्या, सगळी वाहनं एकदम रस्त्यावर आली, मीठ टाकणाऱ्या गाड्याही त्यातच अडकल्या. हजारो माणसांनी रात्र गाडीत काढली आणि कितीतरी मुलं शाळेतच झोपली.

आधीची तयारी: टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली ठेवा. टायरची हवा तपासा, दर साडेपाच अंश घसरणीमागे दाब सुमारे १ पीएसआय उतरतो. वायपरच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते गोठून नळी फुटते, तिथे न गोठणारं द्रावण भरा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर इंजिनचा ब्लॉकच फुटू शकतो, कूलंट आजच तपासून घ्या. उष्ण भागातलं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं, ते घट्ट होऊ न देणारं रसायन गोठायच्या आधीच टाकीत टाकावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीची रेंज थंडीत बरीच घटते. चार्जिंगला लावलेली असतानाच आतून गरम करून घ्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून बसतो. सपाट जागी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये सोडा. डिकीत पांघरूण, टॉर्च, पाणी, कोरडं खाणं, छोटं फावडं आणि वाळूची पिशवी ठेवा.

काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकते. दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी बाटलीत भरून फवारा, थर सुटतो. टपावरचा बर्फही काढा. तो पहिल्या ब्रेकला सरकून समोरच्या काचेवर येतो.

चालवताना पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. पुलावर आधी बर्फ जमतो, कारण त्याला खालूनही गार हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही. रस्ता नुसता ओला दिसतो आहे, पण पुढच्या चाकांतून पाणी उडत नाही, टायरचा आवाज एकदम थांबला आहे: समजा की खाली ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पारदर्शक बर्फाचा थर आहे. तो उणे १० पेक्षा शून्याच्या आसपास जास्त निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. गाडी घसरली तर दोन्ही पेडलवरून पाय काढा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग हळूच तिकडे वळवा. थांबायला हवं असेल आणि गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरा, पायाखाली होणारी थरथर नॉर्मल आहे. उतारावर आधीपासूनच खालच्या गिअरमध्ये उतरा.

अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. आधी सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा, नाहीतर तोच कार्बन मोनॉक्साइड आत येतो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि हिमवादळात सायलेन्सरचं तोंड पुन्हा पुन्हा तपासा.

९. शरीर गारठलं तर

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. सुरुवातीला जोराची हुडहुडी, मग बोबडं बोलणं, अडखळणं, गोंधळ. हुडहुडी थांबली पण माणूस अजून गारच असेल, तर ती सुधारणा नाही, अवस्था बिघडली आहे. त्याला आत न्या, ओले कपडे काढा, छाती, पोट, मान आणि जांघ आधी उबवा. हातपाय चोळू नका. शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय द्या. दारू देऊ नका. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता भराभर निघून जाते. शुद्ध हरपत असेल तर हळुवार हाताळा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

नाक, कान, बोटं पांढुरकी किंवा राखाडी, मेणासारखी टणक आणि बधिर झाली तर तो हिमदंश. बर्फ चोळणं, शेगडीवर धरणं, दोन्ही घातक: बधिर कातडीला भाजल्याचंही कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, दुसऱ्याच्या कोपराला सुखद वाटेल इतपत. मात्र पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूच नका. वितळून परत गोठलेलं मांस वाचत नाही.

१०. ऊन पडल्यावर

पाइप गोठलेला असताना बर्फच भोक बुजवून ठेवतो. पारा चढला की पाणी सुटतं. म्हणून बर्फ वितळतो त्या दिवशी घरात कोणीतरी असू द्या. मेन कॉक एकदम उघडू नका. एक नळ उघडा ठेवून मेन हळूहळू सोडा, हवा निघून धार एकसंध झाली की बंद करा. मग सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. वॉटर हीटर टाकी पूर्ण भरल्यावरच चालू करा. छतावर दिव्याच्या आसपास ओल दिसली तर त्या भागाचा एमसीबी आधी पाडा. विमा असेल तर पुसून काढण्यापूर्वी फोटो घ्या.

पाणी उकळून प्या अशी सूचना असेल तर खदखदून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा. दात घासायलाही तेच वापरा. छतावरची पन्हाळी आणि अंगणातल्या जाळ्या मोकळ्या करा, नाहीतर वितळलेलं पाणी घरात वळतं. दिवसा वितळलेलं संध्याकाळी पुन्हा गोठतं, त्यामुळे दुसऱ्या सकाळचे रस्ते पहिल्या दिवसाइतकेच धोक्याचे असतात.

झाडांची पानं काळी पडलेली दिसली तरी लगेच छाटू नका. ती मेलेली पानं खालच्या डोळ्यांना पुढच्या थंड रात्री झाकतात, आणि फांदी कुठपर्यंत जिवंत आहे ते नवे कोंब फुटल्याशिवाय समजत नाही. मीठ टाकलेल्या वाफ्यांना दोन-तीन वेळा भरपूर पाणी द्या. गाडीचा तळ आणि चाकांच्या कमानी साध्या पाण्याने धुऊन काढा, सांध्यात राहिलेलं मीठ लोखंड खातं.